पाचव्या पायरीवरचा दोरा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. बारा पायऱ्यांची म्हणून मला घडवलं होतं. आज मोजाल तर अकराच भरतील. चार खोल्यांच्या एका रांगेमागे, फरशीच्या कडेला मी आडवी पडून असते. माझ्या अंगावर हिरवा रंग आहे. तो मी मागितला नव्हता. माझी गोष्ट ऐकून काही बदलेल असं मला वाटत नाही, कारण ज्यांनी ऐकायला हवी होती त्यांनी ती ऐकली नाही. पण तुम्ही अजून लहान आहात. तुमच्या नावावर अजून एकही खोली नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

मला घडवणारा सुतार कमी बोलणारा होता. एकेक दांडका उचलायचा, कानाशी धरायचा, बोटाच्या पेराने वाजवायचा आणि मग एकतर माझ्यात बसवायचा नाहीतर कोपऱ्यात टाकायचा. माझ्या बारा पायऱ्यांसाठी त्याने एकोणीस दांडके टाकून दिले. मला मालकिणीच्या ताब्यात देताना तो एवढंच म्हणाला, "हिला वर्षाकाठी जवसाचं तेल पाजा. रंग मात्र कधी देऊ नका. रंग दिला की लाकूड गप्प बसतं. आतली चीर दिसत नाही."

माझी मालकीण म्हणजे सिस्टरबाई. तीस वर्षं दवाखान्यात परिचारिका होती, म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारायचे. खरं नाव बहुतेक टपालवाल्यालाच माहीत असावं. नोकरी संपल्यावर जे हाती आलं त्यातून तिने या चार खोल्या एका रांगेत बांधल्या. पहिलीत ती आणि तिचा मुलगा राहायचे, उरलेल्या तीन भाड्याने दिल्या. चारही खोल्यांवर मिळून एकच सपाट गच्ची. गच्चीला जिना नाही. वर पाण्याची टाकी, आणि गच्चीचा उतार शेवटच्या खोलीकडे, कारण पाणी निघून जायचं भोक त्या कोपऱ्यात ठेवलेलं. वर जायची वाट म्हणजे मी.

सिस्टरबाईचा एक नेम होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ती मला तिच्या पडवीतल्या खुंट्यांवरून उतरवायची. हातातल्या किल्लीने माझी एकेक पायरी वाजवून बघायची. मग क्षणभर डोळे मिटायची आणि चढायची. वर जाऊन टाकीचा तरंगता गोळा हलवून बघायचा, भोकात अडकलेली पानं काढायची, गच्चीवर कुठे भेग आहे का ते गुडघे टेकून पाहायचं. हे सारं होऊन ती खाली येईपर्यंत चहाला तोंड लावत नसे. दुसऱ्या खोलीतला ड्रायव्हर एकदा हसत म्हणाला, "सिस्टरबाई, देवाचा उपास ऐकला होता. गच्चीचा उपास पहिल्यांदाच बघतोय."

"देव आपलं आपण बघून घेतो," ती म्हणाली. "गच्चीला माझ्याशिवाय कोण आहे?"

एखादी खोली रिकामी झाली की आधी मी आत जायची, मग नव्या माणसाचं सामान. मला चारही भिंतींना लावून ती छत हाताने चाचपायची. दवाखान्यात कपाळावर हात ठेवावा तसा. नंतर नव्या भाडेकरूला समोर बसवून एक कागद लिहायची: नळ दोन, गळत नाहीत, खिडकीची एक कडी सैल, दाराखाली बोटभर फट. खोलीचे दोष ती स्वतःच आधी लिहायची. दोष आधी लिहिला की भांडण मागाहून होत नाही, असं तिचं म्हणणं. कागदाच्या दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक तिच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. खोलीत काही पाहायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून यायची. खोली माझी असली तरी घर त्यांचं आहे, असं म्हणायची.

शेवटची खोली एकदा तीन महिने रिकामी होती. लोक येत होते, पण ती देत नव्हती. एक गृहस्थ तर जास्त भाडं द्यायला तयार होते. सिस्टरबाई त्यांच्या आत्ताच्या घरमालकाकडे गेली नाही, त्याच्याही आधीच्या घरमालकाकडे गेली. कारण आत्ताचा मालक पीडा टळावी म्हणून गोडच बोलणार. तिथून परत आली ती नकार घेऊनच. मुलगा कुरकुरला, खोली फुकट पडून आहे म्हणाला. तिने शांतपणे सांगितलं, "खोली रिकामी राहिली तर तोटा किती महिन्यांचा ते मोजता येतं. चुकीचा माणूस आत आला तर मोजायलाही बळ उरत नाही."

मग बाइंडर आला. छापखान्यांची आणि ग्रंथालयाची पुस्तकं बांधून देणारा, बोटांना कायम खळ लागलेला, बायको गेलेली, बरोबर लहान मुलगी. त्याने खोलीत पाय ठेवला आणि आधी छताकडे पाहिलं. भाडं किती ते विचारलंच नाही. विचारलं, वरचं पाणी कुठून जातं.

सिस्टरबाई हसली. "सगळे विचारतात पाणी येतं कधी. जातं कुठे, हे विचारणारे तुम्ही पहिलेच."

"कागदाचा धंदा आहे, बाई," तो म्हणाला. "आलेलं पाणी चालतं. राहिलेलं चालत नाही."

त्याच दिवशी खोली त्याला मिळाली. पुस्तकं दाबून ठेवायचं त्याचं लोखंडी यंत्र आत आणायला सहा माणसं लागली. ते खोलीच्या एका कोपऱ्यात बसलं आणि बाइंडर म्हणाला, आता हे यंत्र हलायचं नाही, आणि मीही नाही.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. पहिल्या रविवारी सिस्टरबाई वर चढायची आणि बाइंडर खाली मला धरून उभा राहायचा. त्याच्या मुलीची उंची माझ्या पायऱ्यांवर मोजली जायची. तिसरीला लागली, चौथीला लागली. ती सातव्या पायरीला लागली आणि एका दुकानात हिशेबाला जाऊ लागली, तोपर्यंत बाइंडरच्या छतावर एक डाग नव्हता.

एका रविवारी सिस्टरबाई नेहमीप्रमाणे किल्लीने मला वाजवत होती. अकरा पायऱ्या टणक बोलल्या. पाचवी ठप्प बोलली. तिने चष्मा चढवून पाहिलं. खालच्या बाजूने केसाएवढी चीर गेली होती. मला घडवणारा सुतार तोवर देवाघरी गेला होता, आणि दुसरा कोणी एका पायरीसाठी यायला तयार नव्हता. तेव्हा बाइंडरने आपला मेण लावलेला जाड दोरा आणला आणि पुस्तकाचा कणा बांधतो तसा पाचव्या पायरीला घट्ट गुंडाळला. गाठ मारून म्हणाला, "दोरा आहे तोवर हिच्यावर पाय ठेवायचा नाही. नवी पायरी बसेल त्याच दिवशी दोरा काढायचा."

तेव्हापासून दोघं चौथीवरून थेट सहावीवर जायचे. पुढच्या महिन्यात पायरी बदलू, असं सिस्टरबाई दर महिन्याला म्हणायची. गळतीला उद्या नसतो असं सगळ्यांना सांगणाऱ्या बाईने माझ्या पायरीला मात्र उद्या दिला. मी तिला दोष देत नाही. पण खरं ते सांगायला हवं.

पुढे तिचे गुडघे गेले. चौथ्या पायरीवरून सहावीवर पाय उचलेना. मुलाने दूर एका उंच इमारतीत घर घेतलं होतं, तिथे लिफ्ट होती. तो तिला घेऊन गेला. जाण्याआधी तिने चारही खोल्या त्याच्या नावावर केल्या. पडवीत मला हात लावून उभी राहिली आणि त्याला सांगत होती: छत दर महिन्याला बघ. जुना भाडेकरू टिकव, नव्यापेक्षा स्वस्त पडतो. वर्षातल्या एका महिन्याचं भाडं आपलं नाही, गच्चीचं आहे असं धर. कोणी तक्रार केली तर त्याचे उपकार मान, तो तुझ्या भिंतीची राखण करतोय. आणि हिची पाचवी पायरी तेवढी बदलून घे.

मुलगा वाईट नव्हता. आईशी कधी मोठ्या आवाजात बोलला नाही. पण तोवर त्याने आणखी सात खोल्या घेतल्या होत्या, वेगवेगळ्या चार रस्त्यांवर. तो म्हणाला, "आई, तुझ्या भाड्याच्या तीनच खोल्या होत्या. माझ्या अकरा होतील. एकेका गच्चीवर शिडी घेऊन फिरलो तर मी नोकरी कधी करू? आता सगळं माणसं ठेवून होतं."

"माणसं ठेव की," ती म्हणाली. "पण बघायला तू जा."

तो हो म्हणाला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. शिडी लावलीस का, असं ती विचारायची आणि तो लावली म्हणायचा. एकदा तर तो पडवीतच, माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून लावली म्हणाला. मी खुंटीवर होते. माझ्यावर चार महिन्यांची धूळ होती.

पहिली खोली भाड्याने द्यायची ठरली तेव्हा पडवी मोकळी करायला म्हणून मला मागच्या फरशीवर आणून ठेवलं. तिथे ऊन, तिथे दव. तेल पाजायचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं. खोलीला रंग द्यायला रंगारी आला होता. दारं-खिडक्या रंगवून हिरवा रंग थोडा उरला. मुलगा, म्हणजे आता मालक, म्हणाला, ती शिडी फार कळकट दिसते, माणसं खोली बघायला येतात, तिलाही हात मारून टाक. रंगाऱ्याला माझ्या पाचव्या पायरीचा दोरा आडवा आला. ब्रश नीट फिरेना. त्याने खिशातलं पातं काढलं आणि दोरा कापून टाकला.

चीर रंगाखाली गेली. मी नव्यासारखी दिसू लागले. मालकाने मोबाइलमध्ये माझा फोटो काढून आईला पाठवला. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही. दोरा फोटोत दिसतो की नाही हे तिच्या डोळ्यांना समजलं नसावं.

त्यानंतर काही महिन्यांनी टाकीचा तरंगता गोळा अडकला. टाकी भरून वाहायची, पाणी उताराने शेवटच्या कोपऱ्यात जायचं, आणि तिथलं भोक पानांनी बुजलेलं. पाणी तिथेच बसून राहू लागलं. बाइंडरच्या छतावर, बरोबर यंत्राच्या वर, वाटीएवढा डाग आला.

त्याने त्याच दिवशी फोन केला. मालक अदबीने बोलला. "काका, माणूस पाठवतो." आठवड्याने डाग ताटाएवढा झाला. माणूस पाठवतो. बाइंडर कागदाच्या थप्प्या या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेत होता. ग्रंथालयाच्या जुन्या नोंदवह्या बांधायचं काम त्याला मिळालं होतं, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वह्या, ज्यांना दुसरी प्रत नाही. त्यांना दमट हवा लागली असती तर पुन्हा कोणी त्याच्या हातात पुस्तक दिलं नसतं. यंत्र तर हलवता येत नव्हतं, आणि यंत्राशिवाय काम होत नव्हतं. मुलगी म्हणायची, सिस्टरबाईंना सांगा. तो म्हणायचा, त्यांना आता तिकडे बसून जीवाला घोर कशाला.

मालक एकदा स्वतः आला. खाली उभा राहून त्याने छताकडे पाहिलं. गच्चीवर गेला नाही. म्हणाला, "सुकला की रंग मारून देतो. दिसणारही नाही."

"मालक, डाग नुसता दिसायला नकोय असं नाही," बाइंडर म्हणाला. "तो व्हायलाच नकोय."

मालकाने मान हलवली. तो घाईत होता. दुसऱ्या रस्त्यावर एक जोडपं खोली बघायला थांबलं होतं.

सहा आठवडे गेले. एका सकाळी छतातून पहिला थेंब पडला, तो यंत्रात दाबून ठेवलेल्या वहीवर. बाइंडरने वही काढली, टिपकागदात घेतली, आणि सरळ मागे माझ्याकडे आला. मुलगी दुकानात गेली होती. ड्रायव्हर केव्हाच खोली सोडून गेला होता. आता तिथे कोण राहतं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. मला धरायला कोणी नव्हतं.

त्याने मला भिंतीला लावलं. सवयीने पाचव्या पायरीकडे पाहिलं. दोरा नव्हता. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. रंग गुळगुळीत होता. त्याचा चेहरा जरासा उजळला. स्वतःशीच म्हणाला, "बसवली वाटतं नवी. बाईंचा शब्द पाळला पोराने."

मित्रांनो, मला तोंड नाही. मी करकरू शकते तेवढी करकरले. पण मी नेहमीच करकरायची.

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीवर त्याने पुरा भार टाकला.

तो उजव्या हातावर पडला. ज्या हाताने तो सुई ओढायचा त्या हाताचं मनगट खाली फरशीवर आलं आणि वरून त्याचं अंग. मी बाजूला कलंडले. माझ्या पाचव्या पायरीचे दोन तुकडे त्याच्या शेजारी पडले होते. बाहेरून हिरवे, आतून काळे.

हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. नोंदवह्या मुलीने रिक्षात घालून ग्रंथालयाला परत नेऊन दिल्या. अर्ध्या बांधलेल्या, अर्ध्या तशाच.

सिस्टरबाईला हे ड्रायव्हरकडून कळलं. त्याच्या कानावर ते गेलं होतं, आणि तो तिला कुठे बाजारात भेटला होता. ती मुलाच्या गाडीतून आली. काठी टेकत आधी खोलीत गेली नाही, मागे माझ्याकडे आली. खाली बसता येत नव्हतं, तरी बसली. तुटका तुकडा हातात घेऊन नखाने रंग खरवडला. खालून जुनी चीर वर आली, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याचे वळ. ते वळ ती बोटाने मोजत राहिली. मुलगा मागे उभा होता. त्याने विचारलं, काय झालं आई. तिने तुकडा त्याच्या हातात दिला. त्याला काय पाहायचं ते कळलं नाही. त्याने तो तुकडा उलटासुलटा केला आणि कडेला ठेवून दिला.

बाइंडर खाटेवर बसला होता. ती त्याच्यासमोर बसली. "भाऊ, मला एक फोन करायचात."

"तुम्हाला काय सांगणार, बाई? तुमच्या हातात आता काय आहे?"

टोचून बोलायचा त्याचा स्वभाव नव्हता; जे होतं तेच तो बोलला. तिने मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, यांना इथंच राहू दे. मुलाने समजावलं: करार संपतोय, खोली दुरुस्त करायची तर रिकामी हवी, आणि काकांना आता एवढ्या जागेचा उपयोग तरी काय. दवाखान्याचा खर्च मात्र त्याने देऊ केला. बाइंडरने तो घेतला नाही. सिस्टरबाई वर छताकडे पाहत होती. तिचे ओठ हलत होते. कोणाला वाटलं असतं, ती रोजची प्रार्थना म्हणतेय. मला वाटतं, ती पहिल्यापासून सगळे पहिले रविवार आठवत असेल.

महिनाअखेरीस लोखंडी यंत्र निघालं. आणताना सहा माणसं लागली होती. भंगारवाल्याने घणाने तुकडे केले, दोघांत नेलं. मुलगी शेवटची पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा जाता जाता माझ्याजवळ थांबली. सातव्या पायरीवर हात ठेवला. मग गेली. ते कुठे गेले हे मला सांगायला कोणी आलं नाही.

पुढच्या आठवड्यात तोच रंगारी आला. गच्चीवर कोणी गेलं नाही. टाकी आजही भरून वाहते. छत सुकायला दोन दिवस पंखा लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी रंगाऱ्याने डब्यात ब्रश बुडवला, मला उचलून आत नेलं, त्या कोपऱ्यात लावलं, आणि पाचवीची जागा मोकळी सोडून चौथीवरून सहावीवर पाय ठेवला. बाइंडर आणि सिस्टरबाई ठेवायचे तसाच. माझ्याच खांद्यावर उभं राहून त्याने तो डाग पांढरा केला. मित्रांनो, मी शिडी आहे. जो चढेल त्याला वर न्यायचं, एवढंच मला येतं.

काल संध्याकाळी एक जोडपं खोली बघायला आलं होतं. बाईंच्या कडेवर तान्हं मूल होतं. मालकाने दार उघडलं, दिवा लावला. मला खिडकीतून दिसत होतं. बाईंनी ओटा बघितला, नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली. मग त्या कोपऱ्यात उभ्या राहून वर पाहिलं. मी वाट पाहत होते. त्यांनी विचारावं, पाणी कुठून जातं.

"छान उजेड पडतो इथे," त्या म्हणाल्या. "पाळणा इथेच ठेवू."

म्हणून सांगते, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी चार खोल्यांचे मालक व्हाल, कोणी एका खोलीचे भाडेकरू. मालक झालात तर दर महिन्याला स्वतः वर चढा. भाडेकरू झालात तर पाय ठेवण्याआधी किल्लीने वाजवून बघा, आणि रंगावर विश्वास ठेवू नका. कोणी कुठे दोरा बांधून ठेवला असेल तर तो का बांधला हे विचारल्याशिवाय कापू नका.

त्या बाई उद्या सामान घेऊन येणार आहेत. आज सकाळी भंगारवाला मला बघून गेला. तो आधी येईल की त्या आधी येतील, मला माहीत नाही. त्यांनी एकदा मागच्या फरशीवर यावं आणि माझ्या पायऱ्या मोजाव्यात, एवढंच मी रात्रंदिवस मागते आहे.